जिरॅनियमला दुष्काळाचं औषध म्हणू नका

जिरॅनियम एकदा लावा, तीन वर्षं मागे वळून बघायला नको. पाणी कमी लागतं, रोगराई नाही, जनावर तोंड लावत नाही आणि तेल जातं लिटरमागे बारा हजार रुपयांनी. बीडसारख्या कोरडवाहू जिल्ह्याला याच्यासारखं दुसरं पीक नाही. गेली काही वर्षं हा मजकूर थोड्याफार फरकाने मोबाईलवरच्या व्हिडिओंतून, मेळाव्यांतल्या भाषणांतून आणि रोपं विकणाऱ्यांच्या पत्रकांतून आपल्याकडे फिरतो आहे. त्यातलं जनावराचं विधान खरं आहे. उग्र वासामुळे गुरं या झाडाच्या वाटेला जात नाहीत. बाकीचं एकेक विधान मला तपासून बघायचं आहे. या झाडावर माझा जीव आहे, म्हणूनच त्याच्या नावावर चाललेला हा प्रचार मला बघवत नाही.

मी अंबाजोगाईत राहतो. अंगणात जिरॅनियमच्या कुंड्या आहेत. पानावर काळपट कडं असलेलं आणि लाल फुलांचे झुबके येणारं, जे हिवाळ्यात कुठल्याही नर्सरीत दिसतं, ते आहे. जाड, चकचकीत पानांचं, कठड्यावरून खाली लोंबणारं आहे. आणि खरबरीत, खोल कातरलेल्या पानांचं, चुरगाळलं की गुलाबाचा वास सोडणारं तेही आहे. तेल निघतं ते या तिसऱ्याचं. तिन्ही एकाच घराण्यातली, मूळची दक्षिण आफ्रिकेची. शास्त्रात या घराण्याचं नाव पेलार्गोनियम. लिनियसने १७५३ मध्ये त्यांना जिरॅनियमच्या गटात घातलं, फ्रेंच अभ्यासक लेरितिए याने १७८९ मध्ये वेगळं काढलं, तोवर जुनं नाव बाजारात रुजलं होतं. मी कुंडीत ज्या झाडाचा बुंधा रोज बघतो, तेच झाड एकरी दहा हजारांच्या हिशेबाने लावायला सांगितलं जातं. संख्या वाढली म्हणून झाडाचा स्वभाव पालटत नाही. त्यामुळे या वादात मी आधी कुंडीची साक्ष काढतो.

हे झाड मरतं कसं, ते जवळून बघण्यासारखं आहे. श्रावणात आठवडाभर झड लागते. मातीला टेकलेला खोडाचा भाग आधी पाणचट दिसतो, मग काळा पडतो. बोटाने दाबला तर साल मऊ लागते आणि जागची सरकते. वरची पानं अजून हिरवी असतात, फुलाचा तुरा ताठ असतो, फक्त एखादं पान मलूल झालेलं असतं. बघणाऱ्याला वाटतं झाड तहानलंय, आणि तो आणखी तांब्याभर पाणी ओततो. पुढच्या दोन-तीन दिवसांत काळेपणा वर चढतो, झाड एका अंगाला कलतं, आणि उपटायला जावं तर मुळं मातीतच राहून बुंध्यापाशी मोडतं. पिथियम नावाची मातीतली बुरशी हे करते, आणि तिला लागते ती फक्त साचलेली ओल. उन्हाची मर वेगळी असते. पानं खालून पिवळी होऊन कडक वाळतात, फुलं बंद होतात, पण खोड लाकडासारखं टणक राहतं. असं झाड भिंतीच्या सावलीला सरकवलं, तिसऱ्या दिवशी थोडं पाणी दिलं, की पेरापेरातून बारीक कोंब डोकावतात. बीडच्या मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो, त्यातूनही माझी झाडं निघालेली आहेत. पावसात बुंधा काळा पडलेलं झाड मात्र वाचत नाही. वाचवायची असते ती त्याच्या शेंड्याची निरोगी कांडी.

आपल्या शेतकऱ्याकडे यासाठी नेमका शब्द आहे: वाफसा. जमिनीत ओल हवी आणि ओलीच्या जोडीला हवाही हवी. या झाडाला बारा महिने वाफसा लागतो. म्हणून कुंडीत भारी काळी माती भरू नये. कुजलेलं शेणखत एक वाटा, बारीक चाळलेला मुरूम एक वाटा, नदीची वाळू एक वाटा आणि पोयट्याची माती एक वाटा, एवढं पुरतं. कुंडी मातीची भाजलेली, तळाला मोठं भोक, खाली दोन विटांचे तुकडे. बोट दोन पेरं खाली गेलं आणि कोरडं निघालं तरच पाणी. आपल्या बोअरचं पाणी जड आहे, कुंडीच्या बाहेरून पांढरं मीठ फुटतं आणि काही महिन्यांत कोवळी पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडायला लागतात. तेव्हा जमेल तसं पावसाचं साठवलेलं पाणी द्यावं आणि दसऱ्यानंतर माती बदलावी. मार्गशीर्ष-पौषात सकाळपासून दुपारपर्यंतचं ऊन, फाल्गुनानंतर फक्त सकाळचं. मृग लागला की कुंड्या पत्र्याच्या पडवीखाली. हे शेवटचं ज्याने पाळलं त्याचं झाड टिकलं, एवढं सरळ आहे.

आता शेताकडे या. जमिनीत लावलेल्या दहा हजार झाडांवर पडवी कोण घालणार?

बीडची ओळख दुष्काळाने झाली आहे. १९७२ चा दुष्काळ म्हाताऱ्यांच्या बोलण्यात आहे, २०१२-१३ आणि २०१५-१६ चा तरुणांच्या. केज तालुक्यातल्या धनेगावचं मांजरा धरण आटलं आणि २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, हे सगळ्यांनी पाहिलं. या ओळखीवर ‘कमी पाण्याचं पीक’ ही हाक चटकन चालते. पण आपला पाऊस कमी असला तरी तो पडतो कसा? वर्षाचे साडेसहाशे-सातशे मिलिमीटर जवळजवळ सगळे चार महिन्यांत, त्यातही सप्टेंबरचा वाटा मोठा, आणि तो पुष्कळदा तीन-चार दिवसांत कोसळून मोकळा होतो. २०२१ चा सप्टेंबर आठवा. २०२५ चा तर विसरणं शक्य नाही. सोयाबीन आणि कापूस उभ्याने कुजले, माती खरवडून गेली, शेतं दिवसेंदिवस पाण्याखाली होती. ज्या झाडाला आठवडाभराची झड सोसत नाही, त्याने त्या सप्टेंबरात गोदाकाठच्या आणि सिंदफणाकाठच्या काळ्या रानात काय केलं असतं? दुष्काळ आणि अतिवृष्टी अशा दोन्ही टोकांचा हा जिल्हा आहे. त्यातल्या एकाच टोकाचा विचार करून पीक विकणं म्हणजे अर्धा हिशेब दाखवणं.

मग तीन वर्षांचा आकडा आला कुठून? तो हवेतून काढलेला नाही, हे मान्य केलं पाहिजे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रेंच मळेवाल्यांनी तमिळनाडूतल्या येरकॉडच्या डोंगरात हे झाड आणलं, पुढे ते निलगिरी आणि कोडाईकनालला गेलं. तिथल्या थंड, उताराच्या, निचऱ्याच्या जमिनीत ते बारमाही आहे, कित्येक वर्षं टिकतं आणि वर्षातून अनेकदा कापलं जातं. उटी २,२४० मीटरवर आहे. आपलं बालाघाटचं पठार त्याच्या निम्मी उंचीही गाठत नाही. अंबाजोगाईची संध्याकाळ परळीच्या मानाने कितीही सुखाची वाटली तरी ती निलगिरी होत नाही. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेची, जिला सगळे सीमॅप म्हणतात, हे पीक मैदानात आणताना पहिली गाठ पावसाळ्याच्या याच अडचणीशी पडली. मैदानात ते हंगामी धरायचं: थंडीच्या तोंडाला लावायचं, पावसाआधी कापून मोकळं व्हायचं, आणि पुढच्या वर्षीच्या कलमांसाठी मातृझाडं पावसाळाभर प्लॅस्टिकच्या आडोशाखाली सांभाळायची. म्हणजे ज्या संस्थेचं नाव पत्रकावर मोठ्या अक्षरांत छापतात, तिच्याच पद्धतीत हे झाड पावसाळ्यात उघड्यावर ठेवायचं नाही असं गृहीत आहे. डोंगराची तीन वर्षं उचलून मैदानाच्या पत्रकावर चिकटवली की शेतकऱ्याला दरवर्षी नव्या रोपांचा खर्च दिसत नाही.

यावर एक उत्तर मिळतं. आष्टी, पाटोदा, शिरूर कासारकडची मुरमाड रानं बघा, तिथे पाणी साचतच नाही. हे उत्तर खोटं नाही. उताराच्या मुरमाड रानात गादीवाफे करून लावलेली झाडं एक पावसाळा काढू शकतात, काही दुसराही काढतील. पण त्याच रानात दुसरी अडचण उभी राहते, आणि ती पाण्याची आहे.

‘कमी पाणी’ या दाव्याचा हिशेब शेतकऱ्याने स्वतःच्या बोटांवर करावा. या झाडात तेल फार थोडं असतं. ओल्या पाल्याच्या वजनाच्या हजारात एक भाग, फार तर दोन. म्हणजे एक टन पाला शिजवावा तेव्हा साधारण किलोभर तेल हाती येतं. हे विकणारेही नाकारत नाहीत. तेच विकणारे एकरी वर्षाला तीस ते चाळीस किलो तेल निघेल असं सांगतात. दोन्ही वाक्यं एकत्र ठेवा. तीस ते चाळीस किलो तेलासाठी एका एकरातून वर्षाला तीस ते चाळीस टन हिरवा पाला निघाला पाहिजे. उसाची राज्याची सरासरी एकरी पस्तीस टनांच्या आसपास आहे, आणि ऊस किती पाणी पितो हे माजलगावच्या कालव्यावरच्या माणसाला सांगायला नको. पाल्यात कोरडा भाग उसापेक्षा कमी, त्यामुळे दोन्हींचं पाणी सारखंच लागेल असं मी म्हणत नाही. पण उसाच्या वजनाइतका हिरवा पाला आणि कोरडवाहूइतकं पाणी, या दोन गोष्टी एका रानात बसत नाहीत.

कुंडीतलं झाड आणि पीक यांत फरक पडतो तो इथे. अंगणात झाडाने उन्हाळ्यात फक्त जगायचं असतं. पानं गाळून, फुलं बंद करून ते आषाढापर्यंत थांबलं तरी मी खूश असतो. शेतात नुसतं जगलेलं झाड कुणाच्या कामाचं? तिथे चार महिन्यांनी कापणीला यायला हवं, फाल्गुन-चैत्रात नवी फूट हवी, वैशाखात पुन्हा पाला हवा. त्यासाठी नेमक्या टँकरच्या महिन्यांत ठिबक चालू राहायला हवं. जगायला पाणी कमी लागतं हे या झाडाबद्दल खरं आहे. कापणी द्यायला कमी लागतं हे खरं नाही, आणि पत्रकात पहिलं वाक्य दुसऱ्याच्या जागी वापरलेलं आहे. इजिप्तमध्ये हे पीक मोठं आहे म्हणून वाळवंटाचा दाखला देतात. तिथे पाऊस नाही, पण बेनी सुएफच्या शेतांना नाईलचे कालवे आहेत. झाडाला हवी ती कोरडी हवा आणि माणसाच्या हातातलं पाणी, असं ते जुळलेलं आहे. मादागास्करच्या पलीकडचं रेयुनियाँ बेट एकेकाळी जगाला हे तेल पुरवत होतं, तेही बेटाच्या वरच्या थंड उतारांवरून. बीडमध्ये यांपैकी काय आहे? शेततळं असलं तर चैत्रापर्यंत ओढ निघते, तेही भाद्रपद चांगला गेला असेल तर.

मजुरीबद्दल पत्रकं गप्प असतात, आणि आपल्या जिल्ह्यात तरी त्याबद्दल गप्प राहता येत नाही. मैदानात जिरॅनियमचा हंगाम कार्तिकात सुरू होतो. लावण, ती रुजेपर्यंतची निगा, पहिल्या दोन महिन्यांतल्या खुरपण्या (झाड लहान असताना तणाने दबतं, आणि तण हातानेच काढावं लागतं), मग माघ-फाल्गुनात पहिली कापणी. बरोबर याच महिन्यांत बीडची गावं रिकामी असतात. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेले ऊसतोडीचे कोयते पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात गेलेले असतात, ते पाडव्याच्या आगेमागे परततात. धारूर, वडवणी, केज, पाटोद्यातल्या कित्येक वाड्यांत तोवर म्हातारी माणसं आणि शाळेत जाणारी पोरं उरतात. या पिकाने ऊसतोडीचं स्थलांतर थांबेल, असंही मी ऐकलं आहे. थांबलं तर मला सर्वांत जास्त आनंद होईल. पण त्यासाठी मजुराला उचलीइतकी रक्कम दिवाळीलाच हातात द्यावी लागेल, आणि तेलाचे पैसे येतात ते कापणी, भट्टी आणि विक्री झाल्यावर. मधल्या चार-पाच महिन्यांचं भांडवल कुणाचं, याचं उत्तर देणारं पत्रक मी अजून वाचलेलं नाही.

तेलाकडे वळू. इथे झाडाचं खरं मोल आहे, आणि इथेच सर्वांत जास्त काळजी लागते. पाला कापायची वेळ नाकाने ओळखतात. कोवळं पान चुरगाळलं तर लिंबाचा आंबूस वास येतो. पान जून होऊन फिकट हिरवं व्हायला लागलं की लिंबू मागे सरतं आणि गुलाब पुढे येतो. हा बदल माझ्या कुंडीतल्या झाडावरही कळतो. लिंबू असताना कापलं तर तेल हलकं, फार उशीर केला तर खालची पानं झडून पाला कमी. सुगंधाच्या बाजारात तेलातलं सिट्रोनेलॉल आणि जिरॅनिऑल यांचं एकमेकांशी प्रमाण तपासतात, आणि ते ऋतूनुसार, हवेनुसार, पाला किती वेळ ढिगात पडून तापला त्यानुसार बदलतं. कापलेला पाला सावलीत पसरून दिवसभरात भट्टीवर चढला पाहिजे. भट्टी कुठे आहे? स्वतःची उभारायची तर काही लाखांचा खर्च. दुसऱ्याची वापरायची तर पन्नास-साठ किलोमीटर टेम्पोने ओला पाला वाहायचा. वाफेला सरपण हवं, आणि ज्या जिल्ह्यात जंगल नावापुरतं आहे तिथे ते विकतच घ्यावं लागतं. वाफ थंड करायला गार पाण्याचा प्रवाह हवा, तोही उन्हाळ्यात. तेल काढून उरलेला चोथा वाळवून पुन्हा जाळता येतो, ही खरंच चांगली सोय आहे. पण पावसाळ्यातल्या कापणीचा चोथा वाळवायचा कुठे?

बारा हजारांचा दर मी खोटा म्हणत नाही. असा दर मिळालेला आहे. आपल्या देशाला लागणाऱ्या जिरॅनियम तेलाचा मोठा भाग परदेशातून येतो, त्यामुळे मागणी आहे हेही खरं. पण हा शुद्ध, तपासलेल्या, ठरावीक प्रमाणाच्या तेलाचा दर आहे, आणि तो कुठल्याही बाजार समितीत लिलावाने ठरत नाही. घेणारे मोजके आहेत. इजिप्त आणि चीनचं पीक चांगलं आलं की ते तिकडे वळतात. भाव फार चढला तर कारखान्यात बनवलेले सुगंधी रेणू वापरतात. हमीभाव नाही, पीकविम्याचा आधार नाही. सोयाबीनचा भाव पडला तर निदान माल घरात ठेवता येतो, रस्त्यावर बसता येतं, प्रश्न विधानसभेत जातो. वीस किलो तेलाचा कॅन घेऊन शेतकरी कुणाच्या दारात बसणार? तेल नीट बंद ठेवलं तर टिकतं, हा एक दिलासा आहे. कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही.

खात्रीचा नफा या सगळ्यात एकाच जागी आहे, आणि ती जागा म्हणजे रोपवाटिका. रोप सहा रुपयांना धरलं तरी एकराचे साठ हजार लावणीच्या दिवशीच शेतकऱ्याच्या खिशातून गेलेले असतात. झाडं मेली तर रोपं विकणाऱ्याचं काही जात नाही, उलट पुढच्या वर्षी पुन्हा विक्री होते. सफेद मुसळीच्या वेळी हेच झालं. जट्रोफाच्या वेळी हेच झालं. एमूच्या वेळी पक्ष्यांच्या जोड्या विकल्या गेल्या, अंडी आणि मांस घ्यायला कुणी आलं नाही. प्रत्येक वेळी सुरुवातीच्या दोन हंगामांत ज्यांनी पैसा कमावला त्यांनी तो पिकावर नव्हे, पुढच्या शेतकऱ्याला बियाणं विकून कमावला. पतसंस्थांत ठेवी अडकून बसलेल्या या जिल्ह्याला ‘खात्रीने परत घेऊ’ या शब्दांची किंमत पुरेपूर कळलेली आहे.

आणि रोपं विकत घ्यायची तरी कशाला? तेलाचं जिरॅनियम हे संकरित झाड आहे, ते बी धरत नाही. जगभर ते कांडीनेच वाढतं. दिवाळीनंतर निरोगी शेंड्याची बोटभर-दीड बोट लांबीची, तीन-चार पेरांची कांडी धारदार पात्याने पेराच्या किंचित खाली कापायची. वरची दोन-तीन पानं ठेवून बाकीची काढायची. काप सावलीत काही तास सुकू द्यायचा, म्हणजे त्यावर पातळ पापुद्रा धरतो आणि कुज शिरत नाही. मग ओलसर वाळूत एक-दोन पेरं बुडेपर्यंत खोचायची आणि वाळू फक्त शिंपडून ओली ठेवायची. प्लॅस्टिकची पिशवी वरून झाकायचा मोह आवरायचा. महिनाभरात हलकेच ओढून बघितलं तर कांडी विरोध करते, म्हणजे मूळ धरलं. एका धष्टपुष्ट झाडापासून एका हिवाळ्यात डझनाने कांड्या मिळतात, दुसऱ्या हिवाळ्यात त्यांच्यापासून शेकड्याने. ज्याला खरंच हे पीक करायचं आहे त्याला दोन हिवाळे थांबून पदरचा एक रुपया न घालता स्वतःच्या रानाला सवयीची झालेली रोपं करता येतात. त्या दोन हिवाळ्यांच्या मधे एक पावसाळा येतो, आणि तोच सगळ्यांत मोलाचा. घाई करा, बुकिंग संपत आलं आहे, असं ज्याला म्हणावं लागतं त्याला हा मधला पावसाळा नको असतो.

सरकारच सांगतंय, असाही दाखला देतात. सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेचं अरोमा मिशन २०१७ मध्ये सुरू झालं, आणि कोरडवाहू भागात सुगंधी पिकं नेणं हा त्याचा हेतू आहे, हे बरोबर. पण त्या मिशनमध्ये गवती चहा आहे, वाळा आहे, रोशा गवत आहे. या रोशाबद्दल आपण इतके गप्प का? खानदेशातल्या आणि निमाडच्या माळांवर ते आपोआप उगवतं, तिथे पिढ्यान्‌पिढ्या त्याचं तेल काढलं गेलं, मुंबई बंदरातून ते तुर्कस्तानपर्यंत गेलं आणि तिकडच्या व्यापारात त्याला ‘तुर्की जिरॅनियम तेल’ म्हणत, कारण त्यातही जिरॅनिऑल भरपूर आणि वास गुलाबाच्या जवळचा. गुलाबाच्या अत्तरात ते मिसळत. ते गवत आहे, बियाने येतं, खडकाळ उतारावर तग धरतं, पावसाने मरत नाही. तेलाला जिरॅनियमइतका भाव नाही, हे मान्य. पण ज्या माळावर कुसळ उगवतं तिथे काय लावावं हा प्रश्न असेल, तर आधी आपल्याच राज्यातल्या माळावरच्या झाडाला विचारायला हवं होतं. रोशाची रोपं विकून कुणी श्रीमंत होत नाही, म्हणून त्याचे व्हिडिओ निघत नाहीत, असं मला वाटतं.

आता एक आक्षेप दुसऱ्या बाजूने येतो, त्यालाही उत्तर देतो. प्यायला पाणी नाही त्या जिल्ह्यात अंगणात परदेशी फुलझाडं कसली लावता? उन्हाळ्यात माझ्या एका कुंडीला तिसऱ्या दिवशी तांब्याभर पाणी लागतं, आणि ते भाजी, तांदूळ धुतलेलं पाणी असतं. याच पाण्यावर बीडच्या बायकांनी कडक उन्हाळ्यांत तुळस आणि मोगरा जगवलेला आहे. दारात लाल फुलांचा झुबका असावा ही इच्छा टँकरच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या माणसालाही असते, आणि ती ठेवायचा त्याला पूर्ण हक्क आहे. उलट मी म्हणतो, प्रत्येक घरी एक कुंडी असावी. ज्याने या झाडाचा बुंधा एकदा पावसात काळा पडताना पाहिला, त्याला ‘रोग येत नाही’ हे वाक्य कुणी विकू शकणार नाही.

माझी मागणी साधी आहे. दिघोळआंबा आणि खामगाव इथली कृषी विज्ञान केंद्रं जिल्ह्यातच आहेत, परभणीचं विद्यापीठ फार लांब नाही. गेवराईची काळी, केजची मध्यम आणि पाटोद्याची मुरमाड, अशा तीन रानांत उघड्यावर लावलेल्या जिरॅनियमचे दोन पावसाळ्यांचे आकडे लोकांपुढे ठेवावेत: किती झाडं टिकली, किती पाणी दिलं, किती पाला निघाला, किती तेल आलं आणि ते कुणी, काय भावाने घेतलं. पीक चांगलं ठरलं तर मी स्वतः कांड्या फुकट वाटीन.

तोवर ज्याला लावायचंच आहे त्याने या हिवाळ्यात पाच-सहा झाडांपासून कलमं करावीत. त्यातली निम्मी पडवीत ठेवावीत आणि निम्मी आपल्याच रानात, आपल्याच मातीत, वर काही न झाकता पुढच्या मृगापासून उभी करावीत. घटस्थापनेला जाऊन रानातली जिवंत झाडं मोजावीत. आणि रोपं विकायला आलेल्या माणसाकडून तीन गोष्टी स्टॅम्पपेपरवर लिहून मागाव्यात: पहिल्या पावसाळ्यात मेलेल्या झाडांची भरपाई, तेल परत घेण्याचा किमान दर, आणि तो दर किती वर्षं बांधील राहील. सही करायला तो तयार झाला, तर दोन हिवाळे थांबण्याचा माझा सल्ला त्या शेतकऱ्याने खुशाल बाजूला ठेवावा.